साचा इंग्लंडचा, ओतकाम कलकत्त्याचं

लहान गाडी हातात आली की मी ती आधी उलटी करतो. वरून दिसतं ते रंगाऱ्याचं काम. तळावर कारखान्याचं नाव असतं, गाडीचं नाव असतं, आणि बघणाऱ्याला डोळे असतील तर डाय, म्हणजे ओतकामाचा पोलादी साचा, कुठे झिजली होती तेही कळतं. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये माझी नोकरी झाली. नवी डाय बनवायची, बिघडलेली पुन्हा उभी करायची, हेच काम. त्यामुळे मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींचा इतिहास लोक कंपन्यांच्या नावांनी आणि लिलावातल्या किमतींनी सांगतात, तो मला अर्धाच वाटतो. कंपन्या बुडाल्या, मालक बदलले. पोलादाचे ठोकळे मात्र या देशातून त्या देशात फिरत राहिले. त्यातले काही आपल्याकडेही आले.

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एका दुकानदाराने मला मर्सिडीज २२०एसई दाखवली. बोटभर लांब, निळी, रंग जाड थरांचा. ‘काका, इंग्लंडचा माल आहे,’ तो म्हणाला. मी उलटी केली. तळावर ‘निकी’ असं नाव आणि ‘मेड इन इंडिया’. दुकानदार खोटं बोलत होता असंही म्हणता येत नाही. साचा इंग्लंडचाच होता. ही गाडी मुळात लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीने ‘डिंकी टॉइज’ म्हणून काढलेली.

ओतीव लहान गाड्यांचा धंदा सुरू झाला तो छापखान्याच्या यंत्रावरून, हे ऐकून आमच्या क्षेत्रातल्या माणसालाही गंमत वाटते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात डाउस्ट बंधूंच्या कंपनीने लायनोटाइप पाहिलं. वितळलेला धातू साच्यात दाबून टाइपाची ओळ ओतणारं यंत्र. त्यात अक्षरांच्या जागी दुसरं काहीही ओतता येईल, हे त्यांनी ओळखलं. आधी गुंड्या आणि बारीकसारीक शोभेच्या वस्तू, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फोर्डची ‘मॉडेल टी’. पुढे हीच कंपनी ‘टूट्सीटॉय’ या नावाने अमेरिकेत घराघरांत गेली.

इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्न्बी आगगाड्या विकत होता. त्याच्या खेळण्यातल्या रेल्वे स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी हव्यात, म्हणून १९३३ मध्ये त्याने सहा वाहनांचा संच काढला: दोन मोटारी, ट्रक, व्हॅन, ट्रॅक्टर आणि एक रणगाडा. १९३४ मध्ये या मालाला डिंकी हे नाव मिळालं. ‘ओ गेज’ मापाच्या खेळण्यातल्या आगगाडीत ब्रिटिश लोक खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. ३०४.८ भागिले ७ केले की साडेत्रेचाळीस येतात. आज जगभरचे संग्राहक ज्या १:४३ मापाची शपथ घेतात, ते कोणी विचार करून ठरवलेलं नाही. आगगाडीच्या शेपटीला बांधून आलेलं आहे. आणि डिंकीने ते तरी कुठे नीट पाळलं! बस आणि लॉऱ्या त्याहून पुष्कळ लहान मापाच्या असत, नाहीतर त्या डब्यात मावल्या नसत्या.

आपल्याकडच्या मुलांना मापाची ही बेफिकिरी नवी नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा मोठा असतो, आणि आमच्या लहानपणी त्याच्या शेजारून पायथ्याच्या रस्त्यावर एखादी लाल मोटारही जायची. आजोबा ती उचलून बाजूला ठेवायचे. त्यांची हरकत मापाला नव्हती, शतकाला होती.

सुरुवातीच्या डिंकी शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. मग आला जस्ताचा मिश्रधातू. सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि बाकी जस्त. चारशे अंशांच्या आतच तो वितळतो, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो आणि डायला फारसा त्रास देत नाही. फक्त तो शुद्ध लागतो. शिशाचा अंश टक्क्याच्या काही हजाराव्या भागांपलीकडे गेला की धातू आतून फुगतो, मग भेगा पडतात, आणि वीस-तीस वर्षांनी गाडी काचेच्या कपाटात जागच्या जागी भुगा होते. युद्धापूर्वीच्या डिंकी अशा पुष्कळ गेल्या. जिथे शिशाचे सैनिक आणि जस्ताच्या मोटारी एकाच छपराखाली ओतल्या जात, तिथे भट्टीत काय पडत असेल हे सांगायला तज्ज्ञ नको. फाउंड्रीत काम केलेला कोणीही मान हलवेल. या रोगावर इलाज नाही.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो जॅक ओडेल. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी १९४७ मध्ये लंडनला ‘लेस्नी’ नावाचा उद्योग काढला. आडनाव एकच, नातं काही नाही. टॉटनहॅममधल्या बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यात त्यांचं ओतकाम चाले. ओडेल तिथे आला तो लष्करातून परतलेला, डायकास्टिंग कोळून प्यालेला माणूस. कारखाना यंत्रांचे सुटे भाग ओतत असे. खेळणी हा जोडधंदा.

त्यांनी राजघराण्याची सोनेरी बग्गी बनवायला घेतली होती. आत राजा आणि राणी बसलेले, दोघे एकाच साच्यात. १९५२ च्या फेब्रुवारीत सहावे जॉर्ज वारले. बग्गी आता एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी विकायची, पण आत राजा बसलेला! नवी डाय करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार. म्हणून डायमध्येच फेरफार करून राजाचं कमरेवरचं शरीर काढून टाकलं. पाय राहिले. राणीशेजारी दोन पाय घेऊन बग्गी बाजारात गेली, आणि कोणी फारसं हुं की चूं केलं नाही. टूलरूममध्ये ज्याने एकदा तरी ‘उद्या सकाळी माल हवा’ हे ऐकलंय, त्याला या पायांमागची रात्र समजेल.

१९५३ मध्ये त्याच बग्गीची लहान आवृत्ती दहा लाखांवर खपली. त्या पैशावर लेस्नीची ‘मॅचबॉक्स’ गाड्यांची मालिका उभी राहिली. ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. बापाने पितळेचा एक रोडरोलर घडवून दिला, आणि वर्गातल्या सगळ्यांना तो हवा झाला. पुढे पहिल्या मॅचबॉक्स गाड्या आल्या त्यात रोडरोलर होताच, बरोबर डंपर आणि सिमेंट मिक्सर. इथे मापाचा प्रश्न आणखी सोपा होता: पेटीत मावेल ते माप. म्हणून मॅचबॉक्सची दुमजली बस आणि मोटार लांबीला जवळजवळ सारख्या.

काम कसं होई ते थोडं सांगतो. मूळ नमुना तयार गाडीच्या कितीतरी पट मोठा कोरत. मग पँटोग्राफ. त्याची एक सुई मोठ्या नमुन्यावर फिरते, आणि दुसऱ्या टोकाचा कटर तीच हालचाल लहान करून पोलादात कापतो. नमुन्यावर राहिलेली चूकही त्याच पटीत लहान होते, हा मोठा फायदा. पण कटर जिथे पोचत नाही तिथे शेवटी माणूसच येतो: बारीक छिन्नी, कानस, दगड, आणि डोळ्याला लावलेलं भिंग. दरवाजाची रेघ, जाळीचे उभे दांडे, हेडलाइटची कड. शिवाय साच्याच्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर ओतलेला तुकडा साच्यातून सुटत नाही. म्हणून जुन्या ओतीव गाडीच्या बाजू खऱ्या मोटारीपेक्षा थोड्या आत झुकलेल्या असतात. ती कलाकाराची लहर नसते. तुकडा साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांची सोय असते.

१९५६ मध्ये मेटॉय कंपनीने ‘कॉर्गी’ आणली, खिडक्यांना प्लॅस्टिकच्या काचा लावून. डिंकीची झोप उडाली. १९६५ मध्ये कॉर्गीने जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन काढली. कळ दाबली की छप्पर उघडून शेजारचा माणूस बाहेर फेकला जातो. चित्रपटातली गाडी चंदेरी, कॉर्गीची सोनेरी. कारण साधं: चंदेरी दिली असती तर ती रंग न दिलेली ओतीव दिसली असती. आणि ही अजब गाडीही कोऱ्या पोलादातून आली नव्हती. आधीच्या डीबी४ च्या साच्यावरच काम करून ती घडवली. मग १९६८ मध्ये अमेरिकेतून हॉट व्हील्स आल्या. बारीक तारेचे आस, उतारावर सुसाट. त्या पळाल्या आणि ब्रिटिश कारखान्यांना पळवून दमवलं. मला त्या गाड्या कधी आवडल्या नाहीत. वेग खरा, पण चाकं पाहिली की मोटार दिसायची बंद होते.

याच सुमारास, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, मेकॅनोने डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला विकले. एस. कुमार अँड कंपनी आणि अटॅम्को ही त्या व्यवहारातली नावं, आणि मालाचं नाव निकी. तेव्हा आपल्याकडे परकीय चलनाची चणचण होती आणि आयातीचे परवाने. परदेशी खेळणं घरी यायचं ते कोणी बोटीवर किंवा विलायतेत असलं तरच. बिन्स रोडला जे जुनं झालं होतं ते इथे नवंच होतं.

यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही, कारण खऱ्या मोटारींचीही तीच गोष्ट होती. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना. तिथे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची इंग्लंडमधून आलेली अवजारं बसली आणि त्यातून ॲम्बेसेडर निघाली. ती २०१४ पर्यंत निघत राहिली. कुर्ल्याला प्रीमियरने फियाट ११०० बनवली. मद्रासला स्टँडर्डने ट्रायम्फ हेरल्ड. म्हणजे एकाच हुगळीकाठी मोठ्या मोटारीचे वापरलेले साचे आणि छोट्या मोटारीचे वापरलेले साचे, दोन्ही विलायतेतून येऊन कामाला लागले होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्यावर प्रकरणं आहेत, दुसऱ्यावर ओळ नाही.

कलकत्त्याच्या कारागिरांनी नुसतं ओतलं असंही नाही. डिंकीची ‘ॲटलस केनब्रेक’ नावाची एक लहान बस होती. तीच गाडी आपल्याकडे ‘स्टँडर्ड २०’ म्हणून रस्त्यावर होती. निकीने ती स्टँडर्ड २० म्हणूनच काढली. भारतीय रस्त्यावरची मोटार भारतीय मुलाच्या हातात आली ती अशी, इंग्रजी साच्याला इथलं नाव देऊन.

आता चोरबाजारातल्या मर्सिडीजकडे परत येतो. ती मी भिंगाखाली घेतली. बॉनेटच्या कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांमधून निसटलेला धातूचा पापुद्रा. कोणीतरी तो कानशीने घासलाय, डावीकडे नीट, उजवीकडे घाईत. याचा अर्थ साच्याचे दोन भाग पूर्वीसारखे मिटत नव्हते. जाळीचे दांडे बोथट झालेत. तिथली कड लाखो वेळा गरम-थंड होऊन गेलेली. रंग हव्या त्यापेक्षा जाड, त्यामुळे दरवाजाची रेघ बुजत आलेली. आणि तळाचं नाव बदललेलं. मालावर अक्षर उठून दिसायचं तर डायमध्ये ते खोल कोरलेलं असतं. खोल कोरलेलं घासून जात नाही. एकतर वेल्डिंगने भरून सपाट करावं लागतं, नाहीतर तेवढा चौकोन कापून नवा तुकडा बसवावा लागतो. दोन्ही कामं जोखमीची, आणि दोन्ही करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. संग्राहक निकीला ओबडधोबड म्हणतात. झिजलेल्या डायमधून, तुटपुंज्या साधनांनी काढलेली ही गाडी पन्नास वर्षांनंतरही भेग न पडता उभी आहे. भट्टीत स्वच्छ जस्त होतं, एवढं त्यावरून सिद्ध होतं. बिन्स रोडच्या युद्धापूर्वीच्या मालाला हे प्रमाणपत्र मिळत नाही.

तिकडे ३० नोव्हेंबर १९७९ ला बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. कामगारांना तासाभराचीही पूर्वसूचना नव्हती. त्यांनी कारखान्यात ठाण मांडलं, उपयोग झाला नाही. १९८२ मध्ये लेस्नी दिवाळखोरीत गेली, १९८३ मध्ये मेटॉय. ओडेलने मात्र लगेच स्वतःचं आडनाव उलटं लिहून ‘लेडो’ नावाची नवी कंपनी काढली आणि पुन्हा ओतायला बसला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ब्लोप्लास्टने मॅटेलशी हात मिळवून ‘लिओ’च्या नावाने छोट्या मोटारी आणल्या; आज चाळिशीत-पन्नाशीत असलेल्यांना त्या आठवतील.

प्लॅस्टिकचे जोडायचे संच हे वेगळं घराणं, त्यावर इथे फार लिहीत नाही. त्यातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जपानच्या शिझुओकातल्या तामियाने पोर्शे ९३४ चा १:१२ संच काढताना माहिती पुरेना, म्हणून खरी पोर्शे ९११ विकत घेऊन खोलली. तो संच १९७६ मध्ये आला. एका संचासाठी अख्खी मोटार विकत घेणारा मालक मला आमच्या धंद्यात कधी भेटला नाही.

मी स्वतः बनवतो ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. प्रीमियर पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब, म्हणजे १:४३ मध्ये नऊ सेंटिमीटर. मूळ नमुना एम-सीलचा, मग सिलिकॉन रबरचा साचा, त्यात रेझिन. टायरला हायड्रॉलिकच्या दुकानातली ओ-रिंग. बंपरला पितळी पट्टी, घासून आणि पॉलिश करून. क्रोमच्या रेघांना चॉकलेटची चांदी. डाव्या बाजूला बाहेर बसवलेला झेंडीचा मीटर अर्ध्या सेंटिमीटरचा, आणि सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. तो नसेल तर ती टॅक्सी नाही, नुसती दोन रंगांची फियाट आहे.

ही छोटी टॅक्सी खरी वाटावी असा तिचा फोटो काढायचं शास्त्र मी शिकलो ते मायकल पॉल स्मिथ या अमेरिकन माणसाच्या कामावरून. त्याने ‘एल्गिन पार्क’ नावाचं विसाव्या शतकाच्या मध्यातलं एक काल्पनिक गाव उभं केलं. १:२४ मापाच्या मोटारी टेबलावर मांडायच्या, टेबल खऱ्या रस्त्याकडेला न्यायचं, आणि मागची खरी घरं, खरी झाडं त्याच चौकटीत घ्यायची. कॅमेरा साधा, खिशातला. लोकांना वाटायचं की संगणकावर चित्रं जोडलीत. सगळी करामत अंतराची होती.

ते अंतर असं काढायचं. खरी मोटार दहा मीटरवरून जशी दिसते तशी हवी असेल, तर १:४३ च्या मोटारीपासून भिंग २३ सेंटिमीटरवर हवं. माणसाचा डोळा जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर, तर इथे पावणेचार. एवढं खाली जायचं म्हणजे पोटावर झोपणं आलं, म्हणून टेबल. मोठ्या, महाग कॅमेऱ्यात एवढ्या जवळून बॉनेट स्पष्ट आली की डिकी धूसर होते, आणि धूसर डिकी पाहिली की डोळा लगेच ‘खेळणं’ म्हणतो. छोट्या सेन्सरला ही अडचण कमी. मोबाइल इथे चांगल्या कॅमेऱ्यालाही मागे टाकतो. उजेड सूर्याचाच घ्यावा, सावली एकच पडते. आणि धूळ! अर्ध्या मिलिमीटरचा कण या जगात दोन सेंटिमीटरचा खडा असतो. मऊ ब्रश खिशात हवाच.

गिरगावात एका रविवारी सकाळी मी टॅक्सी मांडली होती. पाठीमागे खरी चाळ, लाकडी कठडे, वाळत घातलेल्या साड्या. चाळीतले एक आजोबा खाली येऊन बराच वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, ‘मीटर पाडलेला नाहीये. खाली आहे का गाडी?’ मी म्हटलं, ‘खाली आहे, बसा.’ खऱ्या पद्मिनी टॅक्सीचा मुंबईतला परवाना २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपला. आता ती चौकटीत येते ती याच मार्गाने.

तुमच्या माळ्यावर, आजोळच्या ट्रंकेत अशी एखादी जुनी निकी निघाली तर एवढं करा. नवा रंग देऊ नका, वंगण घालू नका, कोरड्या ब्रशने धूळ काढा, आणि तळाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. आणि ओळखीत कोणी अशा ओतकामाच्या कारखान्यात, कलकत्त्याला असो की मुंबईला, डाय फिटर म्हणून राबलेलं असेल, तर त्यांच्याशी आत्ताच बोला आणि लिहून घ्या. ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.